मदत हवी आहे: जी३१चे जुने डेस्कटॉप आणि अकराव्या पिढीचे लॅपटॉप, दोन्हींसाठी एकच कर्नल

उंबरठा

नमस्कार मंडळी,

वाचनालयाच्या संगणक खोलीसाठी डेबियन १३ची (एक लिनक्स प्रणाली) एकच डिस्क इमेज बनवायची आहे. यंत्रं अशी:

अ) डेस्कटॉप: इंटेल जी३१ चिपसेट, आयसीएच७, कोअर २ ड्युओ ई७५००, २ जीबी रॅम, साटा हार्डडिस्क, यूएसबी कीबोर्ड-माऊस, जुना बायोस.
आ) लॅपटॉप: टायगर लेक आय५-११३५जी७, ८ जीबी रॅम, एनव्हीएमई डिस्क, एएक्स२०१ वायफाय, फक्त यूईएफआय.
इ) ॲटम एन२७०चं एक नेटबुक, जमलं तर.

लिनक्स ६.१२चा मूळ सोर्स घेऊन लॅपटॉपवर 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' (त्या यंत्रावर चालू असलेल्या ड्रायव्हरपुरतं कॉन्फिग) केलं आणि कर्नल (प्रणालीचा गाभा) बांधलं. लॅपटॉपवर ते उत्तम चालतं. डेस्कटॉपवर मात्र 'गेव्ह अप वेटिंग फॉर रूट फाइल सिस्टम डिव्हाइस', त्याखाली 'अलर्ट! यूयूआयडी=… डझ नॉट एक्झिस्ट' आणि मग इनिटरॅमएफएसचं (मुख्य डिस्क जोडण्याआधी रॅममध्ये चालणारी छोटी प्रणाली) शेल. त्या शेलमध्ये कीबोर्डही चालत नाही. उलट बाजूने डेस्कटॉपवर कॉन्फिग काढून पाहिलं, तर लॅपटॉपवर एनव्हीएमई डिस्क दिसतच नाही.

कोणते पर्याय 'वाय' (कर्नलमध्येच) ठेवावेत, कोणते 'एम' (लागेल तेव्हा लोड होणारं मॉड्यूल), आणि काय काढून टाकलं तर चालेल? डेस्कटॉप हलके व्हावेत हाही हेतू आहे. '-मार्च=नेटिव्ह' (बांधणाऱ्या यंत्राच्या प्रोसेसरपुरता कोड) लावलं तर फायदा होईल का?

घाटवाट

आधी डेस्कटॉपचं बघू, कारण तुम्ही दिलेल्या दोन लक्षणांतच निदान आहे.

आयसीएच७च्या साध्या आवृत्तीत एएचसीआय (साटा डिस्कची नवी पद्धत) नसतं. तिचा साटा कंट्रोलर (८०८६:२७सी०) आयडीई पद्धतीने बोलतो आणि त्याला 'एटीए_पीआयआयएक्स' हा ड्रायव्हर लागतो. लॅपटॉपवर तो कधीच लोड होत नाही, म्हणून लोकलमॉडकॉन्फिगने तो बंद केला. कीबोर्डचंही तसंच. आयसीएच७वर ईएचसीआय (यूएसबी २चा कंट्रोलर) फक्त हाय-स्पीड उपकरणं सांभाळतो. कीबोर्ड-माऊस लो-स्पीड असतात, ते सोबतच्या यूएचसीआय कंट्रोलरकडे जातात. लॅपटॉपवर सगळं एक्सएचसीआयवर (यूएसबीचा नवा कंट्रोलर) चालतं, त्यामुळे यूएचसीआय आणि ईएचसीआय दोन्ही गळाले.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी. अकराव्या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये बायोसमध्ये व्हीएमडी (इंटेलची डिस्क-जोडणीची सोय) चालू असतं. तेव्हा एनव्हीएमई डिस्क थेट पीसीआयवर न दिसता व्हीएमडी कंट्रोलरच्या (८०८६:९ए०बी) आड जाते. नुसतं 'बीएलके_डेव्ह_एनव्हीएमई' पुरत नाही, 'व्हीएमडी'ही लागतं. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करता येतं, पण त्याच डिस्कवर विंडोज असेल तर ते उघडायचं थांबेल. ड्रायव्हर घालणंच बरं.

लोकलमॉडकॉन्फिग फक्त त्या घटकेला लोड असलेली मॉड्यूल्स बघतं. प्रिंटर लावलेला नव्हता, एक्सफॅटचा पेनड्राइव्ह नव्हता, तर तेही गेलं. ते एका यंत्रासाठी छान आहे, खोलीभर यंत्रांसाठी नाही.

म्हणून पाया डेबियनचंच कॉन्फिग ठेवा:

सीपी /बूट/कॉन्फिग-$(यूनेम -आर) .कॉन्फिग
मेक ओल्डडेफकॉन्फिग

त्यावर बूटच्या वाटेवरचं तेवढं 'वाय' करा. साठवण: एटीए, एससीएसआय, बीएलके_डेव्ह_एसडी, एटीए_पीआयआयएक्स, एसएटीए_एएचसीआय, बीएलके_डेव्ह_एनव्हीएमई, व्हीएमडी, ईएक्सटी४_एफएस. इनपुट: यूएसबी, एक्सएचसीआय, ईएचसीआय, यूएचसीआय, एचआयडी, यूएसबी_एचआयडी, एचआयडी_जेनेरिक, आणि लॅपटॉपच्या कीबोर्डसाठी सेरिओ_आय८०४२ व कीबोर्ड_एटीकेबीडी. पडदा: डीआरएम_सिंपलडीआरएम, सिसएफबी_सिंपलएफबी, फ्रेमबफर_कन्सोल, व्हीजीए_कन्सोल. शेवटचं जुन्या बायोसच्या यंत्रांसाठी आहे. ग्रबने (कर्नल लोड करणाऱ्या प्रोग्रॅमने) ग्राफिक मोड पुढे दिला नाही तरी अक्षरं दिसायला हवीत.

बाकी सगळं 'एम'च राहू द्या. आय९१५ (इंटेल ग्राफिक्सचा ड्रायव्हर) मुद्दाम 'एम' ठेवा. टायगर लेकला त्यासाठी डीएमसी फर्मवेअरची फाइल लागते. ड्रायव्हर 'वाय' केला तर रूट डिस्क जोडण्याआधीच तो ती फाइल शोधतो, मिळाली नाही की वीजबचत बंद ठेवून पुढे जातो. बॅटरी लवकर उतरते आणि कारण लवकर कळत नाही. जी३१च्या ग्राफिक्सला तशी फाइल लागत नाही, त्यामुळे डेस्कटॉपवर तपासून हा दोष कधी सापडणार नाही.

खटपट्या

'-मार्च=नेटिव्ह' अजिबात नको. कर्नल एसएसई-एव्हीएक्स न वापरता बांधलं जातं, म्हणून काहींना वाटतं की नेटिव्हने बिघडणार काय. पण टायगर लेकवर नेटिव्ह दिलं की कंपायलर बीएमआय२सारख्या सूचना साध्या पूर्णांकांच्या हिशेबातही घालतो. कोअर २ला त्या ठाऊक नाहीत. ग्रबची 'लोडिंग इनिशियल रॅमडिस्क' ही ओळ दिसेल आणि त्यानंतर काळा पडदा, किंवा यंत्र परत सुरू. लॉगची एक ओळही मिळणार नाही. प्रोसेसर फॅमिलीत 'जेनेरिक_सीपीयू' हाच पर्याय ठेवा. नव्या यंत्रात जिथे फरक पडतो (क्रिप्टो, रेडची गणितं) तिथे कर्नल चालू होताना प्रोसेसर पाहून स्वतःच वेगवान कोड निवडतं.

हलकेपणाबद्दल: न वापरलेलं मॉड्यूल डिस्कवर जागा घेतं, रॅममध्ये नाही. हजार ड्रायव्हर काढले तरी ई७५०० वेगाने धावणार नाही. वाचतो तो कर्नल बांधायचा वेळ. २ जीबीच्या यंत्राला खरी मदत झेडरॅमची (रॅममध्येच दाबून ठेवलेली स्वॅप) होते: रॅमच्या निम्म्याएवढं, झेडएसटीडी पद्धतीने. दुसरं म्हणजे '/सिस/कर्नल/एमएम/एलआरयू_जेन/एनेबल्ड' (रॅममधून काय बाहेर काढायचं ते ठरवणारी नवी पद्धत) वाचा. ०x००००  असेल तर तिथे 'वाय' लिहा. रॅम भरत आली की फरक जाणवतो.

कोअर २मध्ये पीसीआयडी (पेज टेबल बदलताना जुन्या नोंदी राखणारी सोय) नाही, त्यामुळे मेल्टडाउनविरुद्धचं (प्रोसेसरमधली एक सुरक्षा-त्रुटी) पेज टेबल वेगळं ठेवणं तिथे महाग पडतं. कोणी 'पीटीआय=ऑफ' सुचवेल. वाचनालयात लोक ब्राउझर वापरणार, तेव्हा ते करू नका. आणि पुढे कधी करायचंच झालं तर त्या यंत्राच्या ग्रबमध्ये करा, कॉन्फिगमध्ये नाही. नाहीतर सगळ्याच डेस्कटॉपांचं संरक्षण जाईल.

ॲटम एन२७० ३२-बिटच आहे. ६४-बिट कर्नल त्यावर कधीच चालणार नाही, आणि डेबियन १३मध्ये ३२-बिट पीसीसाठी कर्नल किंवा इन्स्टॉलर देणं थांबलं आहे. ते नेटबुक डेबियन १२च्या ३२-बिट आवृत्तीवर वेगळं ठेवा. (६४-बिट प्रोसेसर पण ३२-बिट यूईएफआय असलेलं बे ट्रेलचं यंत्र असतं तर 'ईएफआय_मिक्स्ड'ने काम भागलं असतं.)

निळी शाई

घाटवाटांच्या यादीशी थोडी असहमती. इतकं सगळं 'वाय' करायची गरज नाही. डेबियनचं मूळ ६.१२ कर्नल जसंच्या तसं दोन्ही यंत्रांवर चालतं, फक्त /इटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/इनिटरॅमएफएस.कॉन्फ मध्ये 'मॉड्यूल्स=मोस्ट' असायला हवं. 'मॉड्यूल्स=डेप' असेल तर इनिटरॅमएफएस ज्या यंत्रावर बनलं त्याच्यापुरतंच असतं आणि इमेज दुसरीकडे नेली की हीच रड. 'एलएसइनिटरॅमएफएस' चालवून त्यात एटीए_पीआयआयएक्स, यूएचसीआय_एचसीडी, एनव्हीएमई आणि व्हीएमडी चारही आहेत का बघा. एखादं नसेल तर त्याचं नाव /इटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/मॉड्यूल्स मध्ये लिहा आणि 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' द्या.

स्वतःचं कर्नल म्हणजे दर सुरक्षा-सुधारणेला स्वतः बांधणं आलं. शिवाय सिक्युअर बूट चालू असलेल्या लॅपटॉपवर सही नसलेलं कर्नल शिम (सिक्युअर बूटमध्ये आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) उघडू देत नाही. स्वतःची किल्ली 'मॉकयूटिल'ने नोंदवावी लागते.

घाटवाट

मूळ कर्नल पुरत असेल तर तेच वापरावं, हे मान्य. पण स्वतः बांधायचंच असेल तर डिस्क आणि कीबोर्ड 'वाय' असण्याचा एक मोठा आधार आहे: इनिटरॅमएफएस अपुरं निघालं तरी शेलमध्ये टाइप करता येतं आणि डिस्क दिसते. उंबरठा यांच्या डेस्कटॉपवर नेमकं हेच अडलं.

इनिटरॅमएफएसच उघडलं गेलं नाही (उदा. ते झेडएसटीडीने दाबलेलं आणि कर्नलमध्ये 'आरडी_झेडएसटीडी' बंद), तर त्रुटी वेगळी येते: 'व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)'. कंसात (०,०) म्हणजे कर्नलला रूटचं उपकरणच सापडलं नाही. (८,१) असं काही असेल तर डिस्क सापडली आहे, फाइल सिस्टम वाचता येत नाही. आणि इनिटरॅमएफएसशिवाय कर्नलला 'रूट=यूयूआयडी' समजत नाही, 'पार्टयूयूआयडी' द्यावं लागतं. ड्रायव्हर सगळे बरोबर असूनही (०,०) येण्याचं हे नेहमीचं कारण.

उंबरठा

खूप धन्यवाद. स्वतःच बांधायचं ठरवलं आहे, कारण कर्नल बांधणीची कार्यशाळाही याच यंत्रांवर घ्यायची आहे. दोन अडचणी. यूएसबी_यूएचसीआय_एचसीडी 'वाय' केलं, पण 'मेक ओल्डडेफकॉन्फिग'नंतर ते परत 'एम' झालं. आणि बांधताना 'नो रूल टू मेक टार्गेट' म्हणून एका .पेम फाइलवर थांबतं.

घाटवाट

पहिलं: ज्यावर तो पर्याय अवलंबून आहे ते 'एम' असेल तर तो 'वाय' राहूच शकत नाही, आणि ओल्डडेफकॉन्फिग काही न बोलता त्याला खाली आणतं. यूएचसीआयसाठी आधी 'यूएसबी' वाय हवं, यूएसबी_एचआयडीसाठी 'यूएसबी' आणि 'एचआयडी' दोन्ही, एटीए_पीआयआयएक्ससाठी 'एटीए'. मुळापासून वर असा क्रम ठेवा:

स्क्रिप्ट्स/कॉन्फिग -ई यूएसबी -ई एचआयडी -ई एससीएसआय -ई एटीए
स्क्रिप्ट्स/कॉन्फिग -ई यूएसबी_यूएचसीआय_एचसीडी -ई यूएसबी_एचआयडी -ई एटीए_पीआयआयएक्स
मेक ओल्डडेफकॉन्फिग

मग 'स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग'ला जुनी आणि नवी फाइल द्या. काय खरंच बदललं ते कळेल. मेनूकॉन्फिगमध्ये तिरकी रेघ दाबून नाव शोधलं की अवलंबित्वाची साखळीही दिसते.

दुसरं: डेबियन-उबुंटूच्या कॉन्फिगमध्ये 'सिस्टम_ट्रस्टेड_कीज'मध्ये त्यांच्या प्रमाणपत्राच्या फाइलचा पत्ता असतो, ती मूळ सोर्समध्ये नसते. '--सेट-एसटीआर सिस्टम_ट्रस्टेड_कीज ""' देऊन ते रिकामं करा. सोबत डीबग माहिती बंद करा (डीबग_इन्फो_नन वाय), नाहीतर डिस्कवर वीस-पंचवीस जीबी सहज जाते. बांधणी लॅपटॉपवरच करा: 'मेक -जे८ बिनडेब-पीकेजी'. तयार .डेब सगळीकडे बसते.

खटपट्या

बांधून झालं की तपासणीची पक्की रीत सांगतो. दोन्ही प्रकारच्या यंत्रांवर, नेहमीच्या कर्नलमध्ये असताना:

फाइंड /सिस/डिव्हायसेस -नेम मॉडएलियस -एक्झेक कॅट {} + | सॉर्ट -यू > यादी

ही त्या यंत्रातल्या उपकरणांची ओळखपत्रं. आता ज्या यंत्रावर दोन्ही कर्नल बसवले आहेत तिथे यादीतली प्रत्येक ओळ 'मॉडप्रोब -एस आवृत्ती -आर ओळ'ला द्या (एस आणि आर दोन्ही कॅपिटल). एकदा डेबियनच्या कर्नलची आवृत्ती घालून, एकदा तुमच्या. दोन्ही उत्तरांचा 'डिफ' काढा. काही ओळींना कोणाकडेच ड्रायव्हर नसतो, त्या सोडून द्या. डेबियनकडे उत्तर आहे आणि तुमच्याकडे नाही, ती ओळ म्हणजे भोक. यंत्र न उघडता, न बूट करता हे कळतं.

लॅपटॉपचा टचपॅड या यादीत खास बघा. त्याला एकट्या आय२सी_एचआयडी_एसीपीआयवर भागत नाही: पिनकंट्रोल_टायगरलेक, एमएफडी_इंटेल_एलपीएसएस_पीसीआय आणि आय२सी_डिझाइनवेअर_प्लॅटफॉर्म ही साखळी पूर्ण हवी. मधली कडी गेली तर डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) चूक क्वचितच दिसते, टचपॅड नुसता गप्प असतो.

निळी शाई

इमेजचंही एक राहिलं. दोन्ही प्रकारे बूट व्हायला डिस्क जीपीटी करा, १ एमबीचं बायोस बूट पार्टिशन आणि शेजारी ईएसपी (यूईएफआयचं बूट पार्टिशन). मग ग्रब दोनदा बसवा: एकदा '--टार्गेट=आय३८६-पीसी', एकदा '--टार्गेट=एक्स८६_६४-ईएफआय --रिमूव्हेबल'. काही जुने बायोस जीपीटी डिस्क नाकारतात. तिथे संरक्षक एमबीआरमधल्या नोंदीला ॲक्टिव्ह खूण केली की बहुधा घेतात.

उंबरठा

डेस्कटॉप आणि लॅपटॉप दोन्ही एकाच इमेजवर सुरू झाले. कीबोर्ड, डिस्क, टचपॅड, वायफाय ठीक. खटपट्यांच्या पद्धतीने डिफ रिकामा आला. फक्त लॅपटॉपवर आवाज नाही, 'डमी आउटपुट' दाखवतं. डेस्कटॉपवर आवाज आहे.

खटपट्या

डिफ रिकामा आहे म्हणजे ड्रायव्हर आहेत, फर्मवेअर नाही. जी३१चा आवाज साध्या एचडीए ड्रायव्हरवर चालतो. टायगर लेकच्या लॅपटॉपमध्ये आतला माइक डीएसपीला जोडलेला असेल तर कर्नल एसओएफ (साउंड ओपन फर्मवेअर) ड्रायव्हर निवडतं, आणि त्याला स्वतःच्या फर्मवेअरच्या फाइली लागतात. 'डीमेसेज | ग्रेप सॉफ' केलंत तर फाइल न मिळाल्याची ओळ दिसेल.

एपीटी इन्स्टॉल फर्मवेअर-सॉफ-साइन्ड

हे पॅकेज 'नॉन-फ्री-फर्मवेअर' विभागात आहे, सोर्सेसमध्ये तो विभाग चालू हवा. बसवून यंत्र परत सुरू करा. इमेजमध्येच घालून ठेवा, डेस्कटॉपला त्याचा काही त्रास नाही.

उंबरठा

पॅकेज बसवलं, आवाज आला. इमेजमध्येही घातलं. शीर्षकात 'सुटलं' जोडतो आहे.