प्रवेशाचा मेल आला, त्या रात्रीचं सांगा

माझी भाची गेले तीन आठवडे रात्री दोनला उठून मोबाइल बघते. अमेरिकेत पाच ठिकाणी पीएचडीचे अर्ज केलेत आणि तिकडची कचेरी सुटते तेव्हा आपल्याकडे पहाट व्हायला आलेली असते. परवा एक मेल आला. त्यात ‘हो’ही नाही, ‘नाही’ही नाही. त्या चार ओळींचे आमच्या घरात सहा अर्थ निघाले. आजीने तर नारळ फोडायला काढला होता. मी गोव्यात, फोंड्याला बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. मला मार्कांतलं कळतं, या मेलांतलं नाही. ज्यांना मास्टर्स किंवा पीएचडीची अशी पत्रं आलीत, त्यांनी कृपया लिहा. पत्रात नेमकं काय होतं, तुम्ही काय समजलात आणि उलट काय कळवलंत? यशोगाथा नकोत. त्या वर्तमानपत्रात फोटोसकट येतातच.

काणकोणहून

ताई, ती वेटलिस्ट असणार. माझीही होती, २०१९ साली. ‘अर्ज चांगला आहे, सध्या जागा देता येत नाही, यादीवर ठेवतो,’ असं काहीसं. मी आईला सांगितलं, तर ती थेट ग्रामदेवतेला प्रसाद लावायला, म्हणजे मूर्तीला पाकळ्या चिकटवून कौल मागायला गेली. पाकळी उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तासभर बसली, पाकळी पडलीच नाही. भट म्हणाले, आज देव बोलत नाही, सोमवारी या. वेटलिस्टचा याहून नेमका अर्थ मला आजवर कुणी सांगितलेला नाही.

आता देवाबाहेरचं कारण. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी एक ठराव मान्य केलाय. स्टायपेंड किंवा फी-माफीसकट जागा देऊ केलेल्या विद्यार्थ्याला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती करायची नाही. त्यामुळे ज्याच्या हातात चार पत्रं आहेत तो निवांत असतो आणि त्याने सोडलेल्या जागेवर डोळा ठेवून आपण नखं कुरतडतो. यादी हलते ती एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. मार्चात रात्री जागून उपयोग नाही, भाचीला झोपू द्या.

मी एकच मेल लिहिला, आठ ओळींचा. मला अजून यायचंय, जागा मिळाली तर नक्की येईन (हे खरं असेल तरच लिहावं), अर्जानंतर माझा एक शोधनिबंध स्वीकारला गेलाय तो जोडते, आणि यादीला क्रम आहे का? उत्तर आलं, क्रम नाही, विषयाच्या गटानुसार जागा सुटली की बघतो. म्हणजे माझ्या गटातल्या कुणीतरी नकार द्यायला हवा होता. माझ्या मैत्रिणीने दर चार दिवसांनी मेल पाठवले. तिला एक फार नम्र वाक्य आलं आणि नंतर काहीच आलं नाही.

१६ एप्रिलला पहाटे साडेतीनला मेल आला. तिकडे १५ तारखेची संध्याकाळ, पाच वाजलेले. उत्तराला दोन दिवस दिले होते. आईला उठवलं तर तिने आधी विचारलं, ‘आज सोमवार?’ मंगळवार होता.

म्हापशाहून

वरचं वाचून ओशाळलो. तो चार पत्रंवाला म्हणजे मी. तीन ठिकाणी जायचं नाही हे फेब्रुवारीतच ठरलं होतं, तरी मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत बसून राहिलो. एका ठिकाणी तर कळवलंच नाही. माज नव्हता, संकोच होता. ‘आभारी आहे, मी दुसरीकडे जातोय,’ एवढं लिहायला मला दोन महिने लागले. पुढे त्यातल्याच एका प्राध्यापकांची एका परिषदेत गाठ पडली. त्यांना माझं नाव आठवत होतं. मी चहाचा कप घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात गेलो.

पर्वरीहून

माझ्या मेलची पहिली ओळ ‘अभिनंदन’. बाबांनी तिथेच वाचन थांबवून काकांना फोन लावला. दुसऱ्या परिच्छेदात होतं की पीएचडीला नाही, पण मास्टर्सला प्रवेश देतो. अर्ज मी पीएचडीचा केला होता. बाबांच्या मते विद्यापीठ तेच, शहर तेच, तर अडचण काय?

अडचण पैशांची. तिकडे पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामावर महिन्याला स्टायपेंड मिळतो. मास्टर्स मात्र बहुतेकदा आपल्या खिशातून. दोन वर्षांच्या फी आणि राहण्याखाण्याचा हिशेब मांडला तर आकडा ९० लाखांच्या पुढे गेला. बाबा म्हणाले, घर तारण ठेवूया. ते इतक्या सहज म्हणाले की मलाच भीती वाटली.

मी विभागाला तीन प्रश्न पाठवले. मास्टर्सच्या मुलांना पहिल्या वर्षी काम मिळतं का? इथून पुढे पीएचडीत जाता येतं का? ही जागा वर्षभर राखून ठेवता का? उत्तरं दुसऱ्याच दिवशी आली. मिळत नाही, खात्री देता येत नाही, राखता येत नाही. इतका सरळ पत्रव्यवहार मी आयुष्यात केलेला नाही. मी आभार मानून नकार कळवला. काका अजून म्हणतात, दारात आलेल्या लक्ष्मीला परत धाडलंस.

पुढची दोन वर्षं मी दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत प्रोजेक्टवर काम केलं. मधल्या काळात, ज्यांनी मला नाकारलं होतं अशा एका विद्यापीठातल्या प्राध्यापकांना मेल केला. कारण विचारलं नाही (कारण विचारलं की समितीचं छापील उत्तर येतं), त्यांच्या एका निबंधावर शंका विचारली. उत्तराच्या शेवटी त्यांनी सहज लिहिलं की त्या वर्षी अनुदान संपल्यामुळे त्यांनी विद्यार्थी घेतलेच नव्हते. आणि माझं अर्जातलं निवेदन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यांच्याच प्रयोगशाळेवर बेतलेलं! मी वर्षभर स्वतःच्या मार्कांना दोष देत होतो. दुसऱ्या खेपेला अर्जाआधी सहा जणांना विचारलं, यंदा विद्यार्थी घेणार का? दोघांची उत्तरं आली. त्यातले एक आता माझे गाईड आहेत.

वाळपईहून

‘गेट’ परीक्षा दिलेल्यांना असला पत्रव्यवहार नाही, बटण दाबायचं. आयआयटीच्या एम.टेक.च्या ऑफर सीओएपी नावाच्या सामाईक पोर्टलवर येतात आणि खाली तीन पर्याय असतात. ‘ॲक्सेप्ट अँड फ्रीझ’ दाबलं की जागा घेतली आणि पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. ‘रिटेन अँड वेट’ म्हणजे ही हातात ठेवतो, बरी आली तर बघू. ‘रिजेक्ट अँड वेट’ म्हणजे ही नको, पुढची दाखवा. आणि चौथा, न लिहिलेला पर्याय म्हणजे काहीच न दाबणं. तो नकारच धरला जातो.

माझा चौथा होता होता राहिला. मे महिन्यातला वळवाचा पाऊस, सत्तरी तालुक्यात दुपारपासून वीज नाही, टॉवर बंद, मुदत संपायला काही तास. मामाच्या स्कूटरवरून भिजत साखळीपर्यंत आलो आणि एका बेकरीच्या वळचणीला उभं राहून ‘रिटेन’ दाबलं. फ्रीझ दाबायला हवं होतं असं मामाचं मत. पुढच्या फेरीत बरी शाखा मिळाली, त्यामुळे तो आता हा विषय काढत नाही.

मडगावहून

जर्मनीचं नकारपत्र मी मोबाइलवरच्या भाषांतरात वाचलं. ‘आपला अर्ज फेटाळण्यात येत आहे.’ रडून झोपले. आवय (आई) दाराशी येऊन म्हणाली, ‘जातलें गो’ (होईल गं), आणि पेज ठेवून गेली. आठवड्याने पूर्ण पत्र वाचलं, तर कारण दिलेलं होतं. गणिताचे २४ क्रेडिट हवेत, तुमचे १८ भरतात. आणि सगळ्यात खाली, आपण कधी वाचत नाही तिथे, महिन्याभरात हरकत घेता येईल असं लिहिलेलं. विडरश्प्रुख म्हणतात त्याला. सगळ्या राज्यांत ही सोय नाही, काही ठिकाणी थेट प्रशासकीय न्यायालयात जावं लागतं. म्हणून त्या पत्रातलीच तळटीप वाचायची, मैत्रिणीच्या पत्रातली नाही.

मी प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम, तासांसकट, तक्ता करून पाठवला. सांख्यिकीचा पेपर त्यांनी गणितात धरला नव्हता. उत्तर आलं की तुमचं म्हणणं अंशतः मान्य, आता २२ भरतात. नकार कायम. हसावं की रडावं! पण तो तक्ता पुढच्या सत्रात दुसऱ्या विद्यापीठाला अर्जासोबतच जोडला. तिथे २० पुरत होते.

साखळीहून, एक बाप

मुलाला इंग्लंडहून ‘कंडिशनल ऑफर’ आली. आम्ही ‘ऑफर’ वाचलं आणि पेढे वाटले. कंडिशन अशी की पदवीचा अंतिम निकाल ठरल्या तारखेआधी हवा. निकाल लांबला. अट पुरी होऊन अनामत भरल्याशिवाय ते व्हिसासाठी लागणारा कॅस क्रमांक देत नाहीत, हे आम्हाला जुलैत कळलं. सकाळी पोदेराकडे पाव घ्यायला गेलो की कुणीतरी विचारायचं, ‘चलो केन्ना वता?’ (मुलगा कधी जातोय?) मी पाव घ्यायला बायकोला पाठवू लागलो. मुलाने मात्र डोकं शांत ठेवलं. प्राचार्यांचं पत्र जोडून मुदत मागितली. त्यांनी सप्टेंबरऐवजी जानेवारीच्या तुकडीत घेतलं. आमच्याकडून पेढे दुसऱ्यांदा कुणी मागितले नाहीत.

वास्कोहून

थोडक्यात लिहिते, कारण अजून नीट लिहवत नाही. मार्च २०२५. अमेरिकेतल्या विद्यापीठाने आधी प्रवेश दिला, मग सरकारी अनुदानाच्या कपातीचं कारण सांगून काढून घेतला. मी स्वीकार अजून कळवला नव्हता. बाकीच्या दोन ठिकाणांना ‘नाही’ कळवून बसले नव्हते, एवढंच माझं नशीब. तिथे लगेच लिहिलं, एकीकडे जागा होती. लेखी होकार हातात येईपर्यंत नोकरीचा राजीनामा दिला नाही.

पुन्हा फोंड्याहून

सगळ्यांची आभारी आहे. भाचीने काल आठ ओळी लिहिल्या. मी त्यातली ‘लहानपणापासूनचं माझं स्वप्न’वाली ओळ काढायला लावली, म्हणजे आता सात. आजीने नारळ परत फडताळात ठेवलाय. मेल रात्री अकराला पाठवला आणि आज प्रथमच पोरगी सकाळी आठपर्यंत झोपली आहे. तिचा मोबाइल माझ्याकडे आहे. मी दर दहा मिनिटांनी बघतेय.