अनुभव धागा: जुन्या गोव्याची चर्चं आणि मठाचा चौक

खान्देशातून गोव्याला गेलेली बहुतेक मंडळी समुद्र बघून परततात. जुनं गोवा नीट पाहिलेल्यांनी कामाचं तेवढं लिहा.

भुसावळ : गोवा एक्सप्रेस पुणे-मिरज-लोंढ्यावरून जाते, मंगला कोकण रेल्वेने. मडगावला उतरून कदंबाने (गोव्याची सरकारी बस) पणजी, तिथून फोंड्याकडची बस. जुनं गोवा दहाएक किलोमीटर. रविवारी सकाळी मिस्सा (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) असते, त्या वेळी फिरायला जाऊ नका. खांदे-गुडघे झाकलेले हवेत.

पाचोरा : बॉम जीझस बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च (बांधकाम १५९४-१६०५). आत घुसायची घाई नको, आधी दर्शनी भिंत बघा. लाल, भोकाभोकांचा दगड म्हणजे जांभा. त्यात बारीक नक्षी टिकत नाही, म्हणून कोरीव कामाला काळा बेसाल्ट वसईहून आणला. आपल्याकडे घराच्या पायात घालतात तोच काळा दगड, भाऊ!

यावल : वरच्याला पुरवणी. भिंती मुळात उघड्या नव्हत्या. गिलावा १९५० च्या दशकात काढला. जांभा पाणी पितो आणि तिथला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात. मग शेवाळ धरतं, दगड झिजतो. मातीच्या भिंतीचं पोतेरं थांबलं की काय होतं, ते आपल्याला सांगायला नको.

अमळनेर : याच बॉम जीझसमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव ठेवलेली चांदीची पेटी उंचावर आहे. मान वर करून पेटीच शोधू नका, खालचा संगमरवरी चौथराही बघा. तो टस्कनीच्या ड्यूकने पाठवला, १६९८ मध्ये बसवला.

धुळे : ख्रिस्ती साधूंचा मठ कसा असतो ते कळायला टेकडीवरचे सेंट ऑगस्टीन मठाचे पडके अवशेष गाठा. १८३५ मध्ये मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळलं. उरला तो ४६ मीटरच्या मनोऱ्याचा अर्धा भाग. त्याखालीच फोटो काढून लोक खाली उतरतात, ही चूक. मागे चला. जोत्यावरून खोल्यांची रांग आणि मधला मोकळा चौक ओळखता येतो. चौसोपी वाडा डोळ्यांपुढे आणा: भोवती ओसरी, मध्ये उघडं आकाश. मठातही उजेड, वारा आणि फिरायची जागा या चौकातूनच मिळे. काही भिंतींवर निळ्या-पिवळ्या फरशांचे तुकडे अजून आहेत. हात लावू नका, कडा सुटतात. सावली जवळजवळ नाही, तेव्हा नऊच्या आत किंवा चारनंतर.

रावेर : पावसाळ्यात त्या पायऱ्यांवर साधी चप्पल घसरते. खाचांच्या तळव्याचे बूट घाला.

चाळीसगाव : सेंट फ्रान्सिस असिसीच्या मठातलं पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद. जवळच्या से कॅथेड्रलला एकच मनोरा दिसेल. बांधकाम अर्धवट नाही. दुसरा १७७६ मध्ये पडला.