बहिणाबाई बंडखोर होत्या का? मला तरी तसं वाटत नाही

तापीकाठ

3 डिसेंबर जवळ आला की आपल्या जळगाव-भुसावळकडे बहिणाबाई चौधरींच्या पुण्यतिथीचे कार्यक्रम सुरू होतात आणि हल्ली प्रत्येक भाषणात एक शब्द हटकून येतो : बंडखोर. मागे एका कार्यक्रमात वक्त्यांनी तर त्यांना सरळ स्त्रीमुक्तीच्या मोर्चात नेऊन उभं केलं. टाळ्या पडल्या. मी मात्र हात बांधून बसलो होतो.

जन्म 1880, असोदे. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरींकडे आल्या. तिशीत वैधव्य. 1951 साली गेल्या. या सगळ्या काळात त्यांनी घर सोडलं नाही, रीत मोडली नाही, कुणाशी उघड भांडण मांडलं नाही. शेतात राबल्या, मुलं वाढवली, जात्यावर बसल्या आणि गात राहिल्या. संसाराबद्दल त्यांचं म्हणणं काय, तर आधी हाताला चटके, मग भाकर. हे सोसण्याचं तत्त्वज्ञान आहे. लग्नात नव्या नवरीला हीच ओळ का ऐकवतात? ‘बाई, चटके बसतील, गप सोस’ एवढंच सांगायचं असतं म्हणून.

बंड बघायचं तर जनाबाई बघा. ‘डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी’ हे सातशे वर्षांपूर्वी एक दासी म्हणते. सोयराबाई विटाळ मानणाऱ्यांनाच विचारते की देहाचा विटाळ देहातच जन्मला, मग सोवळा झाला कोण? सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ 1854 चा, म्हणजे शेणाचे गोळे झेलत शाळा चालवायच्या त्या काळातला. या ओळीत बहिणाबाईंना बसवलं की दोन्हीकडे अन्याय होतो. त्या फार मोठ्या कवयित्री आहेत, त्यात वाद नाही. पण मोठं म्हणण्यासाठी बंडखोर म्हणायची गरज का पडते आपल्याला?

कळण्याची भाकर

तापीकाठ भाऊ, तुम्ही संसाराचा तवा उचललात आणि बाकीची चूल तशीच ठेवलीत. नवरा गेल्यानंतरच्या त्यांच्या ओळी घ्या ना :

कुंकू पुसलं पुसलं, आता उरलं गोंदन
तेच देईल देईल नशिबाले आवतन

जरी फुटल्या बांगड्या, मनगटी करतूत
तुटे मंगयसूतर, उरे गयाची शपथ

नका नका आयाबाया, नका करू माझी कीव
झालं माझं समाधान, आता माझा माले जीव

सावकाश वाचा. कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र. विधवेच्या अंगावरून समाज जे जे काढून घेतो त्याची ही यादी आहे आणि प्रत्येक वस्तूसमोर बाई सांगते की खाली काय उरलं. कुंकू पुसता येतं, गोंदण पुसता येत नाही. बांगडी फुटते, मनगट फुटत नाही. आणि हे ती कुणाला सांगते? देवाला नाही, सासऱ्याला नाही, दारात रडायला जमलेल्या आयाबायांना. ‘माझी कीव करू नका.’ 1910 च्या सुमारास, तिशीतली विधवा, पदरात पोरं. त्या काळी विधवेकडून एकच अपेक्षा असायची, तिने जन्मभर बिचारी दिसावं. बाई म्हणते, मी बिचारी नाही, आता माझा जीव माझा.

ज्योतिषाला तर दारातूनच परत पाठवलंय. ‘माझं दैव माले कये, माझ्या दारी नको येऊ.’ आज एमबीए झालेली माणसं मुहूर्त काढून गाडी घेतात.

तापीकाठ

ताई, तीच कविता मीही वाचलीय. तुम्ही ज्या कडव्यांवर भर दिला त्याच्या आधीचं कडवं का सोडलं? ‘देव गेले देवाघरी, आठे ठेयीसनी ठेवा.’ नवरा म्हणजे देव. आणि तुम्हीच दिलेली ओळ : मंगळसूत्र तुटलं तरी ‘उरे गयाची शपथ’. म्हणजे तो गेला तरी बांधलेपण उरलं. समाजाने दागिना काढून घेतला, बाईने बंधन स्वतःहून राखलं. याला निष्ठा म्हणतात. निष्ठेबद्दल मला आदर आहे, पण बंड हा वेगळा माल आहे.

कळण्याची भाकर

नवऱ्यावर जीव होता म्हणून बंड बाद? म्हणजे बाईने बंड करायचं तर आधी नवऱ्याचा राग करायला हवा, असा नियम आहे का? सावित्रीबाईंचाही जोतिरावांवर जीव होता. 1890 मध्ये अंत्ययात्रेत स्वतः टिटवं (विस्तवाचं मडकं) धरून पुढे चालल्या.

निंबावरचा झोका

तुमनं भांडन मस्त चालू शे, चालू द्या. पन माले एक सांगा, बहिनाबाईनी अहिराणीमा कितल्या कविता रचल्या?

तापीकाठ

एकही नाही दादा. ती लेवा गणबोली, इथल्या लेवा समाजाची बोली. अहिराणीत ‘शे’ म्हणतात, बहिणाबाई म्हणत नाहीत. यावर वेगळा धागा काढा, इथे पेटला तर विझायचा नाही.

कोथळीचा वारकरी

खान्देशात बसून बंडखोर कवयित्रींवर चर्चा आणि मुक्ताईचं नाव नाही? मेहूणला, तापीच्या तीरावर विजेच्या कडकडाटात मुक्ताई गुप्त झाली असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. आयुष्य अवघं अठरा वर्षांचं, 1279 ते 1297. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं ते तिच्याच नावाने. दरवर्षी इथून पंढरीला पालखी निघते, मानाच्या पालख्यांतली, फार लांबून चालत येणारी.

लोकांनी छळलं म्हणून ज्ञानोबा रुसून ताटी (झोपडीचं दार) लावून बसले, तेव्हा बाहेर उभी राहून धाकटी बहीण काय सांगते? ‘विश्व रागे झाले वन्ही, संते सुखे व्हावे पाणी.’ ज्याला जग माऊली म्हणतं त्याला ही पोर समजावते. आणि चांगदेव! चौदाशे वर्षं तप केल्याची ख्याती, पत्र पाठवलं तर कोरं, कारण मायना काय लिहावा तेच सुचेना. मुक्ताई म्हणाली, एवढी वर्षं काढून कोराच राहिला. पुढे त्यानेच तिला गुरू केलं. पुरुषाने, तेही त्या वयाच्या योग्याने, एका पोरीला गुरू करणं, याहून मोठा रीतीभंग कोणता? चांगदेवाचं देऊळ तापी-पूर्णेच्या संगमावर आहे, आमच्याच तालुक्यात. येऊन बघा.

तापीकाठ

महाराज, मुक्ताईबद्दल पूर्ण सहमत. माझा मुद्दा तोच तर आहे, या मातीत अस्सल बंड झालेलं आहे, ओढूनताणून दुसरं शोधायची गरज नाही.

सरळ रेघ

मला दोघांचंही पटत नाही. मुक्ताई संन्याशाच्या घरातली, वाळीत टाकलेल्या कुटुंबातली मुलगी. समाजाने आधीच बाहेर काढलं होतं, सांभाळायला सासर नव्हतं. जनाबाई नामदेवाघरची दासी, सोयराबाई महार. या सगळ्या कुंपणाबाहेरून बोलतात. बाहेर उभं राहून ओरडायला धैर्य लागतं, मान्य. पण कुंपणाच्या आत राहणारी, जिला रोज त्याच चुलीवर स्वयंपाक करायचाय, त्याच भाऊबंदांत शेताचे बांध सांभाळायचेत, तिचं बोलणं वेगळ्या जातीचं असणार. तिच्याकडे जनाबाईचं माप घेऊन जाल तर ती आखूडच भरणार.

कायम अपक्ष

मग उद्या प्रत्येक आजीला बंडखोर म्हणा. मनात बंड होतं, बाहेर दिसलं नाही, पण होतं! असं म्हटलं की वादच संपला, कारण तपासायला काही उरत नाही.

सरळ रेघ

तपासायला ओळी आहेत ना. वर एका ताईंनी दिल्यात.

पहिल्या वर्षाला मराठी

मध्येच विचारते, माफ करा. आमच्या गाइडमध्ये लिहिलंय की बहिणाबाई तुकारामांच्या शिष्या होत्या. मग 1880 कसं?

कळण्याची भाकर

ते गाइड रद्दीत दे, बाळा. त्या शिऊरच्या संत बहिणाबाई, 1628 ते 1700. ब्राह्मण घरातल्या. तुकोबांना गुरू मानलं म्हणून नवऱ्याने गोठ्यात ढोरासारखं मारलं, तरी सोडलं नाही आणि हे सगळं स्वतःच्या अभंगांत सांगून ठेवलं. आपल्या जळगावच्या चौधरी, त्या वेगळ्या. जळगावच्या विद्यापीठाला 2018 मध्ये नाव दिलं ते आपल्या.

(तापीकाठ भाऊ, शिऊरच्या बहिणाबाईही नवऱ्याचं घर सोडून गेल्या नाहीत. त्यांनाही यादीतून काढायचं का?)

तापीकाठ

त्यांनी शूद्र मानल्या गेलेल्या माणसाला गुरू केलं. उघडपणे. मार खाऊन. माझं एवढंच म्हणणं आहे की बंडाला समोर कुणीतरी असावं लागतं आणि ते त्या कुणाला कळावं लागतं. आमच्या बहिणाबाई गात होत्या ते सासरच्यांनी गाणं म्हणूनच ऐकलं. कुणाला टोचलं नाही, कुणी अडवलं नाही.

जुना खिळा

न टोचण्याचंही कारण बघा. 1907 साली जळगावात पहिलं मराठी कविसंमेलन भरलं. डॉ. कीर्तिकर अध्यक्ष, धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या पोराची कविता ऐकून त्याला तिथेच ‘बालकवी’ म्हटलं गेलं. त्या दिवशी त्याच जळगावात एक सत्तावीस वर्षांची बाई दळत-कांडत कविता रचत होती. संमेलन तिच्या दारावरून गेलं असेल, पण तिला कोण बोलावणार? तिला लिहिता येत नव्हतं. आणि गंमत म्हणजे पुढे तिनेच जळगावच्या छापखान्यावर कविता केली. कोरा कागद छापून ‘शहाना’ होतो आणि माणूस मात्र येडाच राहतो, असं निरक्षर बाई यंत्राकडे बघून म्हणते. छापील शहाणपणाची अशी टर भल्या भल्या प्राध्यापकांना उडवता आली नाही. (मीही त्यातलाच, निवृत्त.)

म्हणून मला बहिणाबाईंच्या स्वभावापेक्षा त्या हाती कशा लागल्या याचं जास्त वाटतं. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, म्हणून ऐकून लिहून घेतलं गेलं. ती वही आचार्य अत्र्यांपर्यंत गेली, म्हणून 1952 मध्ये, बाई गेल्यावर, पुस्तक आलं. ज्या बाईचा मुलगा कवी नव्हता तिचं काय? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या पोरी निंबाच्या झोक्यावर सासूचा, नणंदेचा, नवऱ्याचा उद्धार करत गातात. ते बहिणाबाईंच्या कितीतरी पट झणझणीत असतं. त्याला कवयित्रीचं नाव नाही, तारीख नाही, विद्यापीठ नाही. आणि लिहून घेणारा मुलगा असला तरी आईने मुलासमोर काय गायलं असेल आणि काय गायलं नसेल, हाही प्रश्न आहेच. उरलंय तेवढ्यावरून तुम्ही ‘बंड नव्हतं’ असा निकाल देता. बरंचसं तर बाईबरोबरच गेलं.

कायम अपक्ष

सर, जे गेलं त्यावरून ‘बंड होतं’ असाही निकाल देता येत नाही.

जुना खिळा

नाहीच देता येत. मी दिलेलाही नाही.

निंबावरचा झोका

सरनं म्हननं खरं शे. आमना गल्लीमा एक म्हातारी व्हती, आखाजीले तिना झोका उंच गया का माणसं घरमा जायेत. काय गाये ते आठे लिखता येवाव नही.

तापीकाठ

सरांचा मुद्दा मोलाचा आहे, पण माझ्या मुद्द्याला लागत नाही. आखाजीची गाणी ही वर्षातून एक दिवस दिलेली मोकळीक आहे. सण संपला की पोरी परत सासरी. समाज फार हुशार असतो, वाफ जायला भोक ठेवतो. बहिणाबाईंच्या गाण्यांचंही आज आपण तेच केलंय. शाळेच्या भिंतीवर सुविचार म्हणून रंगवलेल्या आहेत त्या. कुणालाही त्रास न होणारी बंडखोर! असा बंडखोर सरकारला, संस्थाचालकांना, सगळ्यांना परवडतो.

कळण्याची भाकर

हे शेवटचं मात्र शंभर टक्के. भिंतीवर कोणत्या ओळी आहेत ते बघा : मन वढाय, संसाराचा तवा, सुगरणीचा खोपा. ‘कुंकू पुसलं’ मी कुठल्याही शाळेच्या भिंतीवर पाहिलं नाही. का? कारण ती अजून टोचते.

तुम्ही म्हणता बंडाला समोर कुणीतरी असावं लागतं. 4 मे 2022 ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकी गावांना तसं करायला सांगितलं. कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र, तीच यादी! एका बाईने गाऊन ठेवलेली गोष्ट ठरावात यायला शंभरावर वर्षं लागली. आणि ठराव होऊनही आपल्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणाला बोलावतात आणि कुणाला वगळतात, ते तुमच्या घरच्यांना विचारा. समोर कोण आहे ते कळेल.

कायम अपक्ष

हेरवाडचा ठराव चळवळीतल्या माणसांनी रेटून झाला, कवितेने नाही.

कळण्याची भाकर

कवितेने झाला असं मी म्हटलंच नाही. तुम्ही अपक्ष आहात की फक्त विरुद्ध?

सरळ रेघ

तापीकाठ भाऊ, एक सरळ प्रश्न. ‘नका करू माझी कीव’ ही ओळ आज एखाद्या विधवा बाईने हळदीकुंकवाच्या बैठकीत उभं राहून म्हटली, तर त्याला बंड म्हणाल की नाही?

तापीकाठ

म्हणेन. त्या बाईचं बंड म्हणेन. बहिणाबाईंचं नाही. ओळ तीच असली तरी उभं राहणारी वेगळी आहे.

कोथळीचा वारकरी

हे बोलणं ताटीच्या अभंगांनाही लागू होईल मग, जपून.

कळण्याची भाकर

तर मग ऐका. येत्या संक्रांतीला आमच्या गल्लीत वाण मी लुटतेय. शेजारच्या दोन काकू, ज्यांना पंधरा-वीस वर्षांत कुणी बोलावलं नाही, त्यांना पहिला मान. आमच्या सासूबाई दोन दिवस बोलत नाहीयेत, पण तिळाचे लाडू वळायला बसल्यात. एका काकूंनी ती कविता म्हणायचं कबूल केलंय, चाल लावून.

तापीकाठ

मनापासून चांगलं करताय, ताई. येऊ का ऐकायला? फक्त बॅनरवर ‘बंडखोर’ लिहू नका.

कळण्याची भाकर

बॅनर नाहीये. बोलावणं तोंडी आहे आणि फक्त आयाबायांना. तुम्ही घरी थांबा आणि वहिनींना पाठवा.