खोकताना लघवी निसटते: ओटीपोटाच्या तळाचा व्यायाम बायकांना कसा शिकवावा?

आशाताई_सोलापूर
विडी घरकुलातल्या बायकांच्या बैठकीत हा विषय घ्यायचाय. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, नळ आला की हंडे भरतात. शिंकताना थेंब निसटतो, पण बोलत कुणीच नाही. ‘आवळा’ म्हटलं की कुणी पोट आत ओढते, कुणी मांड्या जुळवते. खूण काय सांगू? आणि किती वेळा?

फिजिओ_सोलापूर
ताई, आधी उताणं झोपवून, गुडघे वाकवून शिकवा. बसल्या-उभ्याने नंतर. वारा अडवताना आवळतो तसं गुदद्वार आवळायचं, तीच ओढ पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणायची आणि आत, वर उचलायची. एक हात पोटावर, एक मांडीवर ठेवायला सांगा. दोन्ही सैल हवेत. आकडे मोठ्याने मोजायला लावा, म्हणजे श्वास रोखला जात नाही.

५ सेकंद धरायचं, ५ सेकंद पूर्ण सोडायचं, असं ८ वेळा. मग ८ वेळा झटपट आवळून सोडायचं. दिवसातून ३ वेळा. ५ जमत नसतील तर ३ पासून सुरू करा, हळूहळू १० सेकंदांपर्यंत न्या. सोडणं अर्धवट राहिलं तर स्नायू लवकर थकतो, म्हणून त्याकडेही तेवढंच लक्ष द्या.

परिचारिका_माई
लघवी मध्येच अडवून सराव करायला कृपया सांगू नका. सवय लागली तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही. काही जणी आवळण्याऐवजी कुंथतात, त्याने खालचा भाग आणखी ताणला जातो. आरशात बघायला सांगा: योनी आणि गुदद्वार यांमधली जागा आत जायला हवी, बाहेर फुगता कामा नये. आणि उन्हाळ्यात लघवीच्या धास्तीने पाणी तोडतात, तेही थांबवा. लघवी दाट होऊन मूत्राशय चिडतं, वर बद्धकोष्ठ होऊन कुंथणं वाढतं.

फिजिओ_सोलापूर
माईंचं बरोबर. शिंक येण्याआधी, हंडा उचलण्याआधी आवळून धरायचं, हे जरूर शिकवा. रोजच्या कामात उपयोग त्याचाच. किमान ३ महिने नेटाने करावं लागतं. अंग बाहेर आल्यासारखं वाटणं, लघवीत रक्त, जळजळ किंवा आवळताना दुखणं असेल तर आधी डॉक्टरांकडे पाठवा.

आशाताई_सोलापूर
बाळंतिणींना कधीपासून?

परिचारिका_माई
साधी प्रसूती असेल आणि दुखत नसेल, तर काही दिवसांतच हलकेच. लघवीची नळी असेल तर ती काढून लघवी नीट होऊ लागल्यावरच.