एचआयव्हीची औषधं सरकारी तिजोरीतून येतील, पण वस्तीत फिरणाऱ्या माणसाचा पगार?

हिशोबनीस

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली आणि आफ्रिकेत 'पेपफार'च्या, म्हणजे अमेरिकेच्या परदेशी एचआयव्ही मदत कार्यक्रमाच्या, पैशावर चालणारी केंद्रं काही दिवसांत बंद पडू लागली. त्यावर 'मदत परत सुरू करा' एवढीच मागणी सगळीकडे दिसते. मला ती अपुरी वाटते. एचआयव्हीची गोळी रुग्णाला जन्मभर रोज घ्यावी लागते. एवढा लांबचा खर्च दुसऱ्या देशाच्या निवडणुकीवर टांगून ठेवणं धोक्याचं आहे. प्रत्येक देशाने तारीख जाहीर करावी आणि तीन-चार वर्षांत सगळा खर्च स्वतःच्या अर्थसंकल्पात घ्यावा.

हे जमतं, भारताने करून दाखवलंय. १९९२ साली आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पहिला टप्पा जागतिक बँकेच्या ८.४ कोटी डॉलर कर्जावर उभा राहिला. पाचव्या टप्प्यासाठी (२०२१ ते २०२६) केंद्राने १५,४७१.९४ कोटी रुपये मंजूर केले. औषधही आता परवडतं. टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्रॅविर या तिन्हींची एकत्र गोळी, म्हणजे टीएलडी, २०२३ साली ग्लोबल फंडाच्या (एड्स, क्षयरोग, मलेरियासाठीच्या आंतरराष्ट्रीय निधीच्या) खरेदीत एका माणसाला वर्षाला ४५ डॉलरच्या आत आली. यातली बरीचशी गोळी भारतातच बनते. मग अडतं कुठे?

सावरी

अडतं ते गोळीच्या पुढे. दक्षिण आफ्रिका बघा. जगात सर्वाधिक एचआयव्हीबाधित तिथे, ८० लाखांच्या आसपास. औषधं त्यांचं सरकार स्वतःच्या निविदेने घेतं, आणि पेपफारचा वाटा एकूण खर्चाच्या साधारण १७ टक्केच होता. तुमच्या हिशोबाने तो देश जवळजवळ पार झालेला होता. तरी धक्का बसला, कारण ते १७ टक्के औषधात नव्हतेच. ५२ पैकी २७ जिल्ह्यांत हजारो समुपदेशक, नोंदी भरणारे, औषध सोडलेल्यांना शोधून परत आणणारे कर्मचारी त्या पैशावर होते. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, ट्रान्स व्यक्ती आणि सेक्स वर्कर यांची वेगळी क्लिनिकं तर जवळपास पूर्ण त्यावरच चालायची.

क्लिनिक बंद झालं म्हणजे फाईल सरकारी दवाखान्यात जाते. माणूस जातोच असं नाही. तो गेला नाही हे कळायला नोंदी भरणारा लागतो, आणि पहिली कपात त्याचीच झालेली असते. म्हणून पहिले काही महिने कागदावर सगळं ठीक दिसतं. व्हायरल लोडच्या (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाच्या) तपासण्या कमी होतात, आणि कमी तपासण्यांमुळे दबलेला विषाणू पुन्हा वर आलेले रुग्ण सापडतही नाहीत.

हिशोबनीस

@सावरी, मुद्दा मान्य. पण यातून उलटाच निष्कर्ष निघतो. हे कर्मचारी पंधरा-वीस वर्षं देणगीदारांच्या संस्थांकडे राहिले म्हणूनच त्यांची पदं सरकारी आस्थापनेवर कधी आली नाहीत. पैसा येत राहिला तर कुठलाही अर्थमंत्री ती पदं मंजूर करणार नाही. जुलै २०२५ मध्ये तिथल्या अर्थखात्याने ७५.३ कोटी रँड जास्तीचे दिले, ते टंचाई आल्यावरच ना?

भीमथडी

दोघांच्या मधला प्रसंग आपल्याकडेच घडून गेलाय, आणि त्यात महाराष्ट्रही होता. गेट्स फाउंडेशनचा 'आवाहन' हा एचआयव्ही प्रतिबंधाचा प्रकल्प २००३ पासून सहा राज्यांत चालला: महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश, तमिळनाडू, मणिपूर, नागालँड. तो सरकारकडे देताना एकदम दिला नाही. २००९ मध्ये सुमारे १० टक्के प्रकल्प, २०११ मध्ये २० टक्के, उरलेले ७० टक्के २०१२ मध्ये. हस्तांतराच्या आधीच त्या त्या संस्थेचे पगार, कर्मचारीसंख्या, अहवालाचे नमुने नाकोच्या, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, निकषांवर आणले गेले. नाकोचा खर्च कमी धरलेला होता, त्यामुळे पगार उतरले, प्रकल्पाची स्वतःची गुप्तरोग क्लिनिकं जाऊन ठरलेल्या खाजगी डॉक्टरांकडे पाठवणं सुरू झालं. पण हे देणगीदार अजून शेजारी उभा असताना झालं, त्यामुळे चुका दुरुस्त करता आल्या.

तरी काय बिघडलं ते सांगतो. पैशाचा हप्ता. संस्थेचा करार ३१ मार्चला संपतो. नूतनीकरणासाठी मूल्यमापन, लेखापरीक्षण, उपयोगिता प्रमाणपत्र लागतं, मग राज्य एड्स नियंत्रण संस्थेकडून पहिला हप्ता. तो जून-जुलैत आला तर एप्रिलपासून मानधन नाही. निकषाप्रमाणे साधारण ६० सेक्स वर्करांमागे एक पीअर एज्युकेटर असते, तीही त्याच समुदायातली. तीन महिने मानधन नसेल तर ती काम सोडते, आणि तिच्याबरोबर त्या ६० जणींची ओळख जाते. कोण गल्ली बदलून गेली, कोण गरोदर आहे, कोणाच्या घरवाल्याला गोळ्या दिसू द्यायच्या नाहीत, हे कुठल्याच रजिस्टरात नसतं. नवी बाई नेमून ते परत मिळवायला वर्ष जातं. मोठी संस्था दोन-तीन महिने स्वतःच्या पैशाने चालवू शकते. समुदायाची स्वतःची छोटी संस्था नाही चालवू शकत, आणि खरं तर तीच जास्त चांगलं काम करते.

अनुपमा_क

औषधाचा प्रश्न सुटला असं दोघंही गृहीत धरताय, ते मला पटत नाही. २०२२ च्या जुलैत दिल्लीत नाकोच्या कार्यालयाबाहेर एचआयव्हीसह जगणारे लोक महिनाभराहून अधिक धरणं धरून बसले होते, कारण अनेक उपचार केंद्रांत डोल्युटेग्रॅविर आणि इतर गोळ्या तुटल्या होत्या. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला नोटीस काढली. त्या वेळी पैसा देशी, कारखाने देशी, कायदा देशी. निविदा वेळेत पार पडली नाही की असं होतं. मागणीचा अंदाज, तांत्रिक छाननी, दर, पुरवठा आदेश, बॅचची तपासणी, राज्याच्या कोठारापर्यंत वाहतूक, या साखळीत महिने जातात. कोठारात तीन महिन्यांचा राखीव साठा नसेल तर एक निविदा फसली की उपचार केंद्र महिन्याऐवजी आठवड्याच्या गोळ्या द्यायला लागतं. मजुरी बुडवून लांबून येणारा माणूस मग दुसऱ्यांदा येत नाही.

२०१७ च्या एचआयव्ही कायद्याचं कलम १४ वाचा. उपचार 'शक्य तितके' द्यायचे असं लिहिलंय. देणगीदाराचा करार निदान ठोस आकडा मागतो. घरच्या तिजोरीला तसं विचारायचं हत्यार रुग्णाकडे हवं.

कोठावळे

वेगळा कर बसवा, असं कोणी म्हणण्याआधी झिंबाब्वेचं उदाहरण देतो. तिथे १९९९-२००० पासून आयकर आणि कंपनीकरावर ३ टक्के एड्स अधिभार आहे. चांगली गोष्ट ही की पैसा राखीव असतो. वाईट ही की नोंदणीकृत नोकऱ्या कमी, बहुतेक लोक असंघटित क्षेत्रात, त्यामुळे पायाच छोटा. २००८ च्या महागाईत जमा झालेल्या रकमेची किंमत काही दिवसांत उडाली. आपल्याकडे तर आरोग्य-शिक्षण उपकर आधीच आहे. नवा उपकर नको, अर्थसंकल्पातच खर्चाचं स्वतंत्र शीर्ष हवं, जे वर्षाच्या मध्यात दुसरीकडे वळवता येणार नाही.

सावरी

@हिशोबनीस, तुमच्या तारखेला माझा विरोध या एका गोष्टीसाठी आहे. ज्या देशात सेवा घेणारा माणूसच गुन्हेगार ठरतो तिथे सरकारी पैसा त्याच्यापर्यंत कसा जाणार? युगांडाने २०२३ मध्ये समलैंगिकतेविरुद्ध अत्यंत कठोर कायदा केला. तिथल्या आरोग्य खात्याने अशा पुरुषांसाठी अर्थसंकल्पात रक्कम ठेवावी असं तुम्ही म्हणणार का?

हिशोबनीस

आपल्याकडे समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७, २००९ ते २०१३ चा काळ सोडला तर, सप्टेंबर २०१८ पर्यंत लागू होतं, तरी नाको पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी प्रकल्प चालवत होतं. २००६ मध्ये त्याच खात्याने दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं की या कलमामुळे लोक लपून राहतात आणि काम अडतं. त्याच खटल्यात गृहमंत्रालय कलमाच्या बाजूने होतं. म्हणजे कायदा विरोधात असतानाही सरकारच्या एका हाताने काम होऊ शकतं. युगांडात आज ते होणार नाही, हे कबूल. तिथे तारीख लावू नका, औषध आणि प्रयोगशाळा आधी घ्या.

भीमथडी

तेवढं कबूल केलंत तर क्रम ठरवता येतो. आधी औषधं आणि तपासणीची रसायनं, कारण त्यांची संख्या मोजता येते. मग नोंदी भरणारे आणि समुपदेशक, रिकाम्या मंजूर पदांवर. वस्तीतलं काम सगळ्यात शेवटी, आणि त्या संस्थांना मार्चमध्येच पुढच्या तिमाहीची आगाऊ रक्कम देण्याचा नियम आधी करून. आपल्याकडे औषध सोडलेल्यांना शोधणारी 'विहान' केंद्रं २०१३ पासून ग्लोबल फंडाच्या पैशावर उभी राहिली. त्या निधीसाठी देणगीदारांकडून पैसे गोळा करण्याच्या फेरीत नोव्हेंबर २०२५ मध्ये १८ अब्ज डॉलर हवे असताना ११.३४ अब्ज जमले. त्या केंद्रांच्या पगाराची ओळ केंद्राने पुढच्या टप्प्यात कुठे घालायची, हे आताच विचारायला हवं.