नारूचा निधी: एकरकमी की तीन वर्षं?

प्रेषक: एक अंबाजोगाईकर

सर्वांना नमस्कार,
परदेशातल्या आपल्या मंडळाची गणेशोत्सवातली शिल्लक कार्टर सेंटर या अमेरिकी संस्थेच्या नारू (पिण्याच्या पाण्यातून होणारा जंताचा रोग) निर्मूलनाला द्यावी, असा प्रस्ताव आहे. १९८६ मध्ये जगात अंदाजे ३५ लाख रोगी होते. २०२४ मध्ये उरले १५. पंधरा माणसांसाठी एवढा पैसा? त्यापेक्षा बीड-धाराशिवकडच्या बारवांचा (पायऱ्यांच्या जुन्या विहिरींचा) गाळ काढायला द्यावा, असं मला वाटतं.

प्रेषक: एक परभणीकर

दादा, नमस्कार.
बारवेचंच नाव काढलंत ते बरं झालं. आपल्याकडे नारू तिथूनच पसरायचा. पायावर फोड येतो, आग आग होते, म्हणून माणूस पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवतो. पाणी लागलं की फोडातली नारूची मादी अळ्या सोडते. त्या सायक्लॉप्स नावाचे बारीक पाणकिडे खातात, आणि ते किडे पाण्याबरोबर आपल्या पोटात जातात. वर्षभराने दोन-तीन फुटांचा नारू कातडीतून बाहेर. लस नाही, मारायला औषध नाही. काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. घाईत तुटला तर पाय सुजतो, पिकतो. म्हणून पायऱ्या बंद करून पाणी वरून शेंदायचं आणि गाळून प्यायचं, हाच मुख्य इलाज होता. गाळायचं फडकं फाटकं नको, आणि दरवेळी तीच बाजू वर हवी. उलटलं तर अडकलेले किडे थेट घागरीत.

भारतातला शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये, जोधपूर जिल्ह्यात सापडला. नारूमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं फेब्रुवारी २००० मध्ये. मधली साडेतीन वर्षं रोगी शून्य, खर्च मात्र चालू: गावोगाव विचारपूस, प्रत्येक अफवेचा तपास. किमान तीन वर्षं शून्य राहिल्याचा पुरावा दाखवावाच लागतो. रोगी दिसेनासे झाले की देणगीदारही दिसेनासे होतात, आणि घात होतो तो तिथेच.

आज आफ्रिकेतल्या चाड देशात कुत्र्यांनाही नारू होतो. कुत्री बांधून ठेवायची, कुत्र्यांनी खाऊ नयेत म्हणून माशांची आतडी पुरायची, खबर देणाऱ्याला बक्षीस द्यायचं. तळ्यात टेमेफॉस हे पाणकिडे मारणारं औषध टाकायचं: लांबी, रुंदी, सरासरी खोली मोजून लिटरला १ मिलिग्रॅम, दर २८ दिवसांनी. खोलीचा अंदाज कमी धरला तर मात्रा कमी पडते, किडे जगतात. औषध बीएएसएफ कंपनी फुकट देते. पैसा लागतो तो तळ्यापर्यंत दर महिन्याला पोचणाऱ्या माणसांना. म्हणून माझं म्हणणं, रक्कम तीच ठेवा, पण तीन वर्षांत वाटून द्या.

प्रेषक: खजिनदार

मान्य. तीन समान हप्ते, दरवर्षी जानेवारीत. देणगीवर ‘फक्त नारू निर्मूलनासाठी’ असं लिहायचंच, नाहीतर पैसा सर्वसाधारण निधीत जातो. ज्यांची कंपनी देणगीत तेवढीच भर घालते, त्यांनी मंडळाला चेक न देता थेट संस्थेला द्यावा आणि पावती जपावी. बारवांसाठी वेगळं आवाहन काढू. दादा, त्यासाठी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा भारतीय कायदा) नोंदणी असलेली तिकडची संस्था तेवढी शोधा. त्या नोंदणीशिवाय इकडचा पैसा संस्थेला घेता येत नाही.