युनिव्हर्सल क्रेडिटचे सँक्शन : वडिलांच्या निधनामुळे जॉबसेंटरची भेट चुकली, आता काय करता येईल?

माहुलीकर

नमस्कार. इंग्लंडमधील बेकारी साहाय्याच्या नियमांची माहिती असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आम्ही गेली अकरा वर्षे मिडलंड्स भागात राहतो आणि आमच्याकडे कायम वास्तव्याचा परवाना आहे. जुलैमध्ये कर्मचारीकपातीत माझी गोदामातली नोकरी गेली. पत्नी एका केअर होममध्ये अर्धवेळ काम करते. मुलगी आठ वर्षांची आहे. आम्ही दोघांचा मिळून युनिव्हर्सल क्रेडिटचा, म्हणजे सरकारच्या मासिक साहाय्याचा, अर्ज केला आणि तेव्हापासून मी जॉबसेंटरमधील (सरकारी रोजगार कार्यालयातील) वर्क कोचची, म्हणजे माझा नोकरीशोध पाहणाऱ्या अधिकाऱ्याची, एकही भेट चुकवली नव्हती.

४ ऑक्टोबरला पहाटे साताऱ्याहून भावाचा फोन आला की वडील गेले. मिळेल त्या विमानाने निघालो. विमानतळावर तपासणीच्या रांगेत उभा असतानाच मी ऑनलाइन जर्नलमध्ये (जॉबसेंटरशी निरोपांची देवाणघेवाण होते त्या पानावर) तीन ओळी लिहिल्या : वडील वारले आहेत, दिवसकार्यासाठी भारतात जात आहे, ६ तारखेच्या भेटीला येता येणार नाही. त्याला उत्तर आले नाही. अग्नी भावाने दिला होता. मला संगम माहुलीला अस्थिविसर्जनाला आणि पुढच्या दिवसांना तेवढे हजर राहता आले. २२ तारखेला परतलो, २४ ला जॉबसेंटरमध्ये जाऊन भेट पूर्ण केली आणि सगळे समक्ष सांगितले. तरीही १० नोव्हेंबरला निर्णय आला की भेट चुकवण्याचे 'सबळ कारण' आढळले नाही, म्हणून २५ दिवसांचे सँक्शन, म्हणजे दंड म्हणून साहाय्यात कपात. पुढच्या हप्त्यातून सुमारे अडीचशे पौंड कमी होणार आहेत.

पत्नीचे म्हणणे असे, की वाद घातला तर पुढे जास्त त्रास होईल, त्यापेक्षा गप्प बसून हार्डशिप पेमेंट (कपातीच्या काळात अडचण भागवण्यासाठी मिळणारी रक्कम) मागावे. हा निर्णय फिरवता येतो का? आणि हार्डशिप पेमेंट घेतले तर ते परत करावे लागते का?

वेण्णाकाठ

माहुलीकर, आपल्या वडिलांविषयी वाचून फार वाईट वाटले. मी आठवड्यातून दोन दिवस एका सल्लाकेंद्रात स्वयंसेवक म्हणून बसते आणि सँक्शनची पत्रे जवळजवळ रोज पाहते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी हा २५ चा आकडा. भेट चुकवल्याबद्दलचे सँक्शन हे खालच्या पातळीचे असते. ते भेट चुकली त्या दिवसापासून सुरू होते आणि आपण अट पूर्ण करण्याच्या आदल्या दिवसापर्यंत चालू राहते. त्यावर आणखी ठरावीक दिवस चढतात : वर्षभरातील पहिल्या चुकीला ७, दुसऱ्या चुकीला १४, तिसऱ्या चुकीला २८. आपले ६ ते २३ ऑक्टोबर हे १८ दिवस आणि वरचे ७, असे २५ झाले. परतल्यावर आपण दोन दिवसांतच भेट घेतली हे फार चांगले केले, कारण पत्राची वाट पाहत घरी बसला असतात तर हा आकडा रोज वाढत गेला असता. नोकरी स्वतःहून सोडणे किंवा देऊ केलेली नोकरी नाकारणे यांसाठीचे सँक्शन मात्र वरच्या पातळीचे, पहिल्याच वेळी ९१ दिवसांचे असते. एके काळी ते तीन वर्षांपर्यंत जात असे. नोव्हेंबर २०१९ पासून ती तरतूद काढून टाकली आणि कमाल मुदत सहा महिन्यांवर आणली.

आता रक्कम. सँक्शन फक्त मूळ भत्त्याला लागते. घरभाड्याचा आणि मुलीचा भाग त्यात कापला जात नाही. दोघेही पंचविशीपुढचे असलेल्या जोडप्याचा मूळ भत्ता २०२५-२६ या वर्षासाठी महिना ६२८.१० पौंड आहे. त्यातील आपला वाटा निम्मा, म्हणून दिवसाला दहा पौंडांच्या थोडे वर कपात होते. हप्ता आल्यावर त्याचे विवरण उघडून नीट पाहा. भाड्याच्या रकमेला हात लागलेला दिसला तर ती वेगळीच चूक आहे आणि ती तातडीने कळवायला हवी.

आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर : होय, निर्णय फिरवता येतो, आणि आपल्या बाबतीत तसा प्रयत्न न करणे हाच खरा तोटा आहे. पहिली पायरी म्हणजे फेरविचाराची मागणी, जिला इकडे 'मॅन्डेटरी रिकन्सिडरेशन' म्हणतात. ती निर्णयाच्या तारखेपासून एका महिन्याच्या आत करावी. जर्नलमधूनही करता येते. तिला पैसे पडत नाहीत, आणि ती केली म्हणून वर्क कोचला आपल्यावर अधिक अटी लादण्याचा अधिकार मिळत नाही, हे वहिनींना जरूर सांगा. फेरविचारातही नकार आला तर त्या पत्रापासून एका महिन्यात स्वतंत्र ट्रायब्युनलकडे (न्यायाधिकरणाकडे) अपील करता येते. तेही विनाशुल्क असते आणि मागितल्यास दुभाषी मिळतो.

अर्जात काय लिहायचे याबद्दल एक गोष्ट बारकाईने लक्षात घ्या. पती, पत्नी किंवा अपत्य दगावल्यास नोकरी शोधण्याच्या अटी सहा महिने आपोआप शिथिल होतात, परंतु आई-वडिलांचा त्या यादीत समावेश नाही. त्यामुळे 'दुःखात होतो म्हणून सूट मिळायला हवी होती' एवढेच लिहिले तर अर्ज कमकुवत पडतो. मुद्दा असा मांडावा, की भेटीच्या दिवशी हजर राहणे आपल्याला शक्यच नव्हते, भेट चुकण्याला आपल्याकडे सबळ कारण होते आणि ते आपण भेटीच्या आधी लेखी कळवले होते. जर्नलमधील आपल्या तीन ओळींवर तारीख आणि वेळ उमटलेली असते. त्या पानाचे छायाचित्र आजच काढून ठेवा. सोबत विमानाची तिकिटे, पासपोर्टवरील शिक्के आणि मृत्यू प्रमाणपत्र जोडा. महाराष्ट्रातील मृत्यू प्रमाणपत्रावर मराठीसोबत इंग्रजी मजकूरही असतो, त्यामुळे सहसा वेगळ्या भाषांतराची गरज पडत नाही. आपली अनुपस्थिती एका महिन्याच्या आतली होती, म्हणजे परदेशी गेल्यामुळे मूळ हक्क गेला असेही कोणी म्हणू शकत नाही. तेही एका वाक्यात लिहा.

हार्डशिप पेमेंटबद्दल मला काळजीने सांगायचे आहे, कारण अनेक जण ते अनुदान समजून घेतात. युनिव्हर्सल क्रेडिटमधील हार्डशिप पेमेंट हे कर्ज आहे. कापलेल्या रकमेच्या सुमारे ६० टक्के मिळते, म्हणजे आपल्याला दिवसाला सहा पौंडांच्या आसपास, आणि सँक्शन संपल्यावर ते पुढच्या हप्त्यांतून वळते करून घेतात. त्यासाठी अर्जाआधीच्या सात दिवसांत सर्व अटी पाळलेल्या असाव्या लागतात; घर, ऊब, अन्न आणि स्वच्छता या गरजा भागत नाहीत, अनावश्यक खर्च थांबवला आहे आणि इतर मदत मागून पाहिली आहे, हे दाखवावे लागते; आणि प्रत्येक महिन्याच्या हिशेबासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. आपल्या घरात पत्नीचा पगार येतो, तेव्हा हे प्रश्न कसून विचारले जातील. भाडे, वीज, शाळेचा प्रवास यांचा कागदावर हिशेब मांडून मगच अर्जासाठी फोन करा. खरोखर चूल अडली असेल तर संकोच करू नका. मात्र ते घेतले म्हणून फेरविचाराची मागणी सोडू नका, कारण या दोन वाटा स्वतंत्र आहेत.

तळेगावकर

वेण्णाकाठताईंनी सगळे नेमके सांगितले आहे. मी फक्त स्वतःचा अनुभव जोडतो. दोन वर्षांपूर्वी मुलाला रात्री रुग्णालयात न्यावे लागले आणि सकाळची भेट चुकली. मी फोनवर कळवले होते, पण त्या फोनची नोंद त्यांच्याकडे सापडली नाही आणि सँक्शन लागले. मी फेरविचार मागितला. सोबत रुग्णालयाचे पत्र आणि माझ्या मोबाइलच्या बिलाचे ते पान जोडले, ज्यावर सकाळी आठ वाजून सहा मिनिटांनी केलेला अकरा मिनिटांचा कॉल दिसत होता. सात आठवडे लागले, पण निर्णय रद्द झाला आणि कापलेले पैसे परत मिळाले. तेव्हापासून मी फोन केला तरी लगेच जर्नलमध्येही एक ओळ लिहितो.

त्या सात आठवड्यांत घर कसे चालले, तेही सांगतो. आमच्या कौन्सिलने (स्थानिक पालिकेने) हाउसहोल्ड सपोर्ट फंडातून, म्हणजे गरजू घरांसाठीच्या निधीतून, किराण्याचे व्हाउचर दिले. तो निधी मार्च २०२६ अखेरपर्यंतच होता, तेव्हा आता कोणती मदत मिळते ते आपल्या कौन्सिलच्या संकेतस्थळावर लगेच पाहा. ते पैसे परत करावे लागले नाहीत, म्हणून हार्डशिपच्या आधी तिकडे विचारावे असे माझे मत आहे. फूड बँकेला बहुधा शाळेची किंवा सल्लाकेंद्राची चिठ्ठी लागते. गुरुद्वाऱ्यात तीही लागत नाही. मी मुलांना घेऊन लंगरला गेलो आहे, आणि तिथे आम्हाला कोणीही एक प्रश्न विचारला नाही.

नवा_स्लाव

याच विषयातील एक प्रश्न. मी स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे आणि या महिनाअखेरीस माझी नोकरी जाणार आहे. व्हिसावर 'सार्वजनिक निधीचा लाभ नाही' असा शेरा आहे. मला यातले काहीच मागता येणार नाही, असे समजायचे का?

वेण्णाकाठ

युनिव्हर्सल क्रेडिट मागू नका. तो सार्वजनिक निधी आहे आणि तो मागणे हा व्हिसाच्या अटीचा भंग ठरतो. पण 'न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स' हा बेकारभत्ता त्या व्याख्येत येत नाही, कारण तो आपल्याच पगारातून कापलेल्या नॅशनल इन्शुरन्सवर (सामाजिक विम्याच्या हप्त्यांवर) मिळतो. गेल्या दोन ते तीन करवर्षांत नोकरदार म्हणून पुरेसा भरणा झालेला असावा लागतो. रक्कम पंचविशीपुढच्यांना २०२५-२६ या वर्षासाठी आठवड्याला ९२.०५ पौंड आहे, कमाल १८२ दिवस मिळते आणि बचत किती आहे हे पाहिले जात नाही. नोकरी शोधण्याच्या अटी आणि सँक्शन तिथेही आहेत. आपल्याकडचे पुष्कळ लोक या शेऱ्याला घाबरून हा अर्जच करत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. मात्र नोकरी सुटल्यावर नवा प्रायोजक (व्हिसासाठी नोकरी देणारी कंपनी) शोधायला सामान्यतः ६० दिवसच मिळतात, तेव्हा व्हिसाचा सल्ला नोंदणीकृत सल्लागाराकडून लगेच घ्या.

माहुलीकर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल रात्री पत्नीला हे सगळे वाचून दाखवले. हार्डशिपचा अर्ज तूर्त करत नाही. कौन्सिलकडे आज सकाळीच विचारणा पाठवली. फेरविचाराची मागणी ती आणि मी शेजारी बसून लिहिली आणि मृत्यू प्रमाणपत्राची प्रत जोडून दुपारी जर्नलमध्ये टाकली. उत्तर आले की इथेच कळवतो.